बाजार कुणाचा, ते आधी विचार

चि. सोनू हिस,



तुझं पत्र वाचलं, आणि त्यानंतर आक्काशी फोनवर सविस्तर बोलणंही झालं. चप्पल लाईनमधलं दुकान भाड्यानं द्यायचं, कारागीर तेवढे हाताशी ठेवायचे आणि सगळा माल ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर चढवायचा, असा तुझा बेत आहे. दाजींचं म्हणणं असं की या कंपन्या लुटारू आहेत, त्यांच्या दारात जायचंच नाही. दोघांनीही निवाडा माझ्यावर सोपवलाय. एकाला बरोबर आणि एकाला चूक ठरवण्याचं काम मी करणार नाही. पण सगळी नोकरी बाजार समितीच्या गूळ सौद्यांत गेलेल्या माणसाला या प्रकरणात जे दिसतं, ते तुला मोकळेपणानं सांगतो.

तुझी बाजू मला पटते. आपलं गिऱ्हाईक म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस. दर्शन झालं, महाद्वार रोडवर साज-बांगड्या बघितल्या, मग चप्पल लाईनला एक फेरी. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली ती नोव्हेंबरात उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा काही महिने बंद राहिली. त्या काळात दुकानाचं शटर असून नसल्यासारखं होतं, आणि घर चाललं ते तू फोनवरून घेतलेल्या ऑर्डरींवर. पुण्याचं, बंगळुरूचं गिऱ्हाईक तू जोडलंस. हे दाजींनी मान्य करायला हवं, आणि मी त्यांना तसं सांगितलंय.

दाजींचा रागही फुकाचा नाही. 'कोल्हापुरी' म्हणून शोधलं की फोनवर आधी जे जोड दिसतात त्यांतल्या कितीतरी जोडांना कातडं लागलेलंच नसतं. रेक्झिनचा पट्टा, डिंकानं चिकटवलेला तळ, आणि किंमत अशी की आपल्या कारागिराची नुसती मजुरीही त्यात बसू नये. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर एवढ्याच जिल्ह्यांत बनलेल्या चपलेला ते नाव लावता येतं. कायदा असं म्हणतो. फोनच्या पडद्यावर मात्र ते नाव कुणीही लावून बसतं, आणि ज्याच्या पडद्यावर हे चालतं तो म्हणतो, आम्ही फक्त जागा देतो, माल विकणाऱ्याचा.

तुमच्या या वादात एक प्रश्न कुणीच विचारलेला दिसत नाही. हा बाजार कुणाचा आहे, आणि त्यात सौदा कोण काढतो?

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाची पेठ म्हणून. कोल्हापूरचा गूळ तिथून देशभर गेला आणि गाव वाढलं. पण पेठ उभी राहिली म्हणजे शेतकऱ्याला भाव मिळाला असं होत नाही, हे त्या काळच्या सगळ्याच बाजारांनी बघितलंय. आपल्या मुलखातल्या कित्येक बाजारांत हत्ता पद्धत होती. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हातात हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा, पण रुमालाखाली काय चाललंय ते त्याला कळायचं नाही. मग हिशेबाची पट्टी हातात यायची तीत कडता, वानगी, हमाली, तोलाई, धर्मादाय अशी कपातीची रांग. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगानं असल्या कपातींची दखल घेतली आणि नियमन केलेले बाजार हवेत असं सांगितलं. वऱ्हाडात तर कापूस-धान्याच्या बाजारांसाठी १८९७ सालीच कायदा झाला होता. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. त्याचं सार असं की भाव उघड बोलला गेला पाहिजे, वजन परवाना असलेल्या तोलाईदारानं केलं पाहिजे, ठरलेल्याखेरीज एक पैसा कापायचा नाही, आणि पैसे वेळेत द्यायचे.

अडत्या वाईट म्हणून हा कायदा झाला नाही. मी चांगले अडते खूप पाहिलेत. पोरीच्या लग्नाला, बैलाला, लागणीला उचल देणारा अडत्याच असायचा. त्याच्यावाचून शेतकऱ्याचं चालत नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्यावर नियम लागला. ज्याच्यावाचून चालत नाही त्याच्या हातात रुमाल ठेवायचा नसतो.

आता तुझ्या बाजाराकडे बघ. ॲमेझॉन २०१३ साली भारतात आली. परदेशी पैशावर चालणाऱ्या कंपनीनं आपल्याकडे थेट ग्राहकाला माल विकायचा नाही, फक्त विक्रेत्यांना जागा द्यायची, असा सरकारचा नियम. मग क्लाउडटेल नावाचा विक्रेता उभा राहिला, ज्यात ॲमेझॉनचाच हिस्सा होता. नियम २०१९ पासून कडक झाले आणि २०२२ मध्ये क्लाउडटेल बंद झाली. पण मधल्या काळात काय चाललं होतं ते रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं २०२१ मध्ये कंपनीच्या अंतर्गत कागदांवरून छापलं. चार लाखांवर विक्रेते, पण २०१९ च्या सुमारास विक्रीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग अवघ्या ३५ जणांचा. त्याच वर्षी दुसरी बातमी आली की खपणारा माल हेरून स्वतःच्या छापाखाली तसाच काढायचा आणि शोधात तो वर दाखवायचा, असं इथं चाललं होतं. कंपनीनं हे सगळं नाकारलं. आपल्या स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांचीही चौकशी लावली. तक्रार होती दिल्लीच्या व्यापारी महासंघाची. ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिलं जातं, असा निष्कर्ष आयोगाच्या तपास शाखेनं २०२४ मध्ये काढला. प्रकरण कोर्टात गेलं आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

मला यातला झुकत्या मापाचा आरोपही तितका महत्त्वाचा वाटत नाही, जितकी त्याच्या मुळाची रचना वाटते. पेठेचा मालक तोच, सौदा काढणारा तोच, तोलणारा तोच, कपात ठरवणारा तोच, आणि कधीकधी शेजारच्या गाळ्यात बसून विकणाराही तोच. तुझा जोड पहिल्या पानावर दिसणार की विसाव्या, हे ठरवणारं गणित रुमालाखाली आहे. उद्या ते बदललं तर तुला कळवतील असंही नाही.

'कमिशन घेत नाहीत मामा, मीशोचं तर शून्य आहे,' असं तू लिहिलंस. खरं आहे. ॲमेझॉननंही २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या मालावरचं कमिशन काढलं. पण बाई, कंपनीला पैसा कुठून येतो ते विचार. पोचवण्याचे पैसे, आणि जाहिरातीचे. ॲमेझॉननं २०२४ या एका वर्षात जगभरात जाहिरातींतून ५६ अब्ज डॉलर मिळवले. त्यातला मोठा भाग तुझ्यासारख्या विक्रेत्यांनी त्याच दुकानात आपला माल वर दिसावा म्हणून भरलाय. आधी तू पैसे न भरता वर दिसत होतीस, मग शेजारच्यानं पैसे भरले, मग तुलाही भरावे लागले, आणि शेवटी दोघंही होतात तिथंच, फक्त दोघांच्या खिशातून पैसे गेले. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं सप्टेंबर २०२३ मध्ये सतरा राज्यांसह ॲमेझॉनवर दावा लावला. त्यातला आरोप असा की सगळं धरून विक्रेत्याच्या शंभरातले जवळजवळ पन्नास कंपनीकडेच जातात. कंपनीला हे मान्य नाही, आणि खटला उभा राहायचाय. पण तू तुझा हिशेब त्या निकालासाठी थांबवू नकोस. समज, हजाराचा जोड आहे. कागद घे आणि एकेक ओळ लिही. कमिशन, क्लोजिंग फी, वाहतूक, जाहिरात, जीएसटी, आणि सगळ्यांत शेवटी परतीचा माल. चप्पल हा परत येणारा माल आहे. नवी कोल्हापुरी चार दिवस पायाला लागते हे आपल्या गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. दुकानात तू त्याला तेल लावायला सांगतेस, पट्टा जरा ताणून देतेस, कारागीर तिथंच अंगठा सैल करतो. फोनवरचं गिऱ्हाईक 'चावते' म्हणून परत पाठवतं. आलेला जोड वापरलेला असेल तर तो पुन्हा विकता येत नाही. हा आकडा धरल्याशिवाय 'फायदा' हा शब्द उच्चारू नकोस.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. दुकानात आलेलं माणूस आपलं असतं. त्याच्या पायाचं माप, बायकोला कान असलेली आवडते की वेणीची, पोरगं पुढच्या वर्षी एक नंबर वाढलेलं असणार, हे सगळं दाजींच्या डोक्यात असतं. तिकडे विकलेल्या जोडाचं गिऱ्हाईक कंपनीचं. त्याला परस्पर आपल्या दुकानाकडे वळवणं तिच्या नियमात बसत नाही. दहा वर्षं माल विकूनही उद्या खातं बंद पडलं तर तुझ्याकडे एकही नाव उरणार नाही.

इचलकरंजीचं उदाहरण तुझ्या जवळचं आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग लावला आणि गावाचं नशीब पालटलं. पण तिथल्या खर्चीवाल्याचे हाल तू पाहिलेस. माग त्याचा, शेड त्याची, विजेचं बिल त्याच्या नावावर, कर्ज त्याच्या डोक्यावर. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, बाजार व्यापाऱ्याचा. याच्या हातात फक्त मजुरी, आणि ती वाढवून मागायची तर माग बंद ठेवण्यापलीकडे उपाय नाही. मालक असूनही तो मजूर राहिला, कारण विकायची वाट त्याच्या हातात नव्हती. दुकान भाड्यानं दिलंस तर तूही त्याच वाटेला लागशील, ही माझी खरी भीती आहे. तिकडे विकू नकोस असं मी म्हणत नाही. जरूर विक. एखादा भाग विक, कमी जोखमीचा साधा माल विक, नवं गिऱ्हाईक काय मागतं ते शिक. पण कापशी प्रकारचा अस्सल जोड दुकानात आणि स्वतःच्या यादीतल्या गिऱ्हाइकालाच दे. आणि दुकान सोडू नकोस.

यादीसुद्धा व्हॉट्सॲपवर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. तेही दुसऱ्याचंच घर आहे. मेटा ही त्याची मालक कंपनी, तिच्या शंभर रुपयांतले सत्त्याण्णवहून जास्त रुपये जाहिरातींतून येतात. फुकट मिळणाऱ्या सोयीची किंमत अशी वसूल होते. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं अटी बदलल्या, मान्य करा नाहीतर सोडा म्हणून. त्यावर स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा दंड लावला आणि जाहिरातींसाठी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षांची बंदी घातली. अपिलात दंड राहिला, बंदी गेली. म्हणून नावं, नंबर, मापं एका जाडजूड वहीत उतरवून ठेव. वही कुणी बंद करू शकत नाही.

एवढं तू एकटी करू शकतेस. पण एकटीच्या शहाणपणानं हा प्रश्न सुटणारा नाही, हे मला तुला विशेष सांगायचंय. शेतकरी हुशार झाला म्हणून हत्ता पद्धत गेली नाही. कायदा झाला म्हणून गेली, आणि कायदा झाला तो लोक एकत्र आले म्हणून. या जिल्ह्याला ते नवीन नाही. तात्यासाहेब मोहित्यांनी १९३९ साली शेतकरी सहकारी संघ काढला. १९६३ मध्ये दूध उत्पादकांचा संघ उभा राहिला, आणि आज गोकुळचं नाव मुंबईतल्या घराघरांत आहे. एकेका म्हशीच्या मालकाला मुंबईच्या बाजारात कोण विचारणार होतं? या संस्थांमध्ये पुढं राजकारण किती शिरलं, बाजार समित्यांवर कोण जाऊन बसलं, हे मी आतून पाहिलंय आणि त्याचं मला दुःख आहे. नियम करून भागत नाही, नियमावर बसणाऱ्यावरही डोळा ठेवावा लागतो. पण म्हणून नियमच नको म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जाणार नाही.

इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीचं प्रकरण आठव. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपलं पायतान 'चामडी सँडल' म्हणून चालवलं, कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. गलका झाला. महाराष्ट्र चेंबरचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं, आणि कंपनीनं प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं कबूल केलं. पुढं डिसेंबरात महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिनं करार केला, इथल्या कारागिरांकडून जोड बनवून घेण्याचा. एवढी मोठी कंपनी हलली कशामुळं? नाव कायद्याच्या कागदावर होतं, आणि त्या नावाच्या वतीनं बोलायला संस्था होत्या. आपण बारा दुकानदार बारा ठिकाणी रडत बसलो असतो तर मिलानला ऐकू गेलं नसतं. तसंच या ऑनलाइन बाजारांशीही बोलायला हवं. रेक्झिनच्या जोडाला 'कोल्हापुरी' म्हणू देऊ नका, ही तक्रार एकटीनं केलीस तर पोच येईल, सगळ्यांनी मिळून केली तर उत्तर येईल.

सरकारनं रस्ता बांधायचं मनावर घेतलं तर काय होतं, तेही तू रोज बघतेस. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. त्याचा रस्ता कुठल्याच एका कंपनीचा नाही, दुकानदाराला त्यावर पैसे मोजावे लागत नाहीत, आणि एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर पैसे जातात. तरीही त्या रस्त्यावरची ऐंशी टक्क्यांहून जास्त वाहतूक फोनपे आणि गुगल पे या दोघांच्याच हाती गेली. एकाला तीस टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही असं २०२० मध्ये ठरलं, आणि ती मुदत ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीवर आणली. विक्रीसाठीही ओएनडीसी नावाचा तसाच खुला रस्ता सरकारनं काढलाय. अजून तिथं म्हणावी तशी गर्दी नाही, पण नाव नोंदवून ठेव. रस्ता माणसं चालली की वाहता होतो.

नियमांचं म्हणशील तर युरोपनं मार्च २०२४ पासून मोठ्या ऑनलाइन कंपन्यांवर दोन गोष्टी बंधनकारक केल्या आहेत, आणि दोन्ही तुला आपल्या वाटतील. बाजार चालवणाऱ्यानं स्वतःचा माल इतरांच्या वर मांडायचा नाही. आणि विक्रेत्यांच्या विक्रीची जी माहिती फक्त त्याला दिसते, ती वापरून त्यांच्याशीच स्पर्धा करायची नाही. आपल्याकडे संसदेच्या अर्थ समितीनं डिसेंबर २०२२ मध्ये अशाच कायद्याची शिफारस केली, मार्च २०२४ मध्ये विधेयकाचा मसुदाही आला. पुढं ते मागं पडलं. मोठ्या कंपन्यांचे वकील दिल्लीत रोज असतात. चप्पल लाईनचा माणूस तिथं कधी गेलेला नाही. तो जाईपर्यंत हे विधेयक हलेल असं मला वाटत नाही. उद्या कुणी खासदार मतं मागायला दारात आला की रस्त्या-गटारीबरोबर हेही विचार.

दाजींना माझा निरोप सांग. पोरीनं नवी वाट काढली म्हणून चिडू नका, तिला गिऱ्हाईक ओळखायचं शिकवा, ते कुठल्या कंपनीला येत नाही. आणि तू त्यांच्यासमोर बसून माझ्या या पत्रातला हिशेब मांड, आवाज न चढवता.

आता काम सांगतो. विक्रेता म्हणून कंपन्यांचे फॉर्म तू भरून ठेवलेस असं आक्का म्हणाली. ते पाठवायच्या आधी भौगोलिक मानांकनाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायचा अर्ज भर. सुभाषनगर-जवाहरनगरच्या आपल्या ओळखीच्या कारागिरांनाही भरायला लाव. अर्ज किचकट आहे, नोकरीत असले कागद मी जन्मभर केलेत, सगळ्यांचे मी भरून देतो. रविवारी सगळ्यांना दुकानात बोलाव. दुकान भाड्यानं द्यायची बोलणी तोवर थांबव.

तुझा
मामा